पटाच्या मधोमध उभा राजा : ब्रॉनस्टीन विरुद्ध ल्युबोयेविच, पेट्रोपोलिस १९७३

बुद्धिबळाच्या पुस्तकांत बलिदान आणि एंडगेम ही दोन प्रकरणे बहुधा एकमेकांपासून दूर छापलेली असतात, आणि वाचकांचेही तसेच दोन गट पडलेले आढळतात. बलिदान म्हणजे मोठ्या फायद्याच्या आशेने आपला मोहरा जाणूनबुजून प्रतिस्पर्ध्याला मारू देणे. त्यात धाडस असते, कल्पनाशक्ती असते आणि प्रेक्षकांचा श्वास रोखून धरण्याची ताकदही असते. एंडगेम म्हणजे बहुतेक मोहरे पटावरून निघून गेल्यानंतरचा डावाचा अखेरचा टप्पा. तिथे राजा, एखाददुसरा मोहरा आणि काही प्यादी एवढ्याच भांडवलावर, चिकाटीने आणि अचूक हिशेबाने लहानशा वरचढपणाचे विजयात रूपांतर करायचे असते, आणि या कौशल्यालाच खेळाडू तंत्र म्हणतात. पहिले कलावंताचे आणि दुसरे कारागिराचे काम, अशी विभागणी सोयीची असली तरी ती पटावर फार काळ टिकत नाही. काही डाव असे असतात, की त्यांतील बलिदानाचे खरे मोल एंडगेममध्येच कळते आणि एंडगेममधील विजयाची मुळे बलिदानाच्या क्षणी घेतलेल्या निर्णयातच सापडतात.

ब्राझीलमधील पेट्रोपोलिस येथे १९७३ साली डेव्हिड ब्रॉनस्टीनने ल्युबोमिर ल्युबोयेविचविरुद्ध जिंकलेला डाव या प्रकारचा अत्यंत बोलका नमुना आहे. ब्रॉनस्टीन तेव्हा ४९ वर्षांचा होता आणि त्याचा प्रतिस्पर्धी २२ वर्षांचा. ब्रॉनस्टीनने आपले दोन्ही हत्ती देऊन बदल्यात केवळ एक उंट घेतला, वजीर पटावर असतानाच राजाला घेऊन तो पटाच्या मध्यभागी गेला, आणि तरीही एक्केचाळिसाव्या चालीला डाव संपला तेव्हा मात झालेली नव्हती, तर साध्या हिशेबाने जिंकलेला एंडगेम समोर उभा होता.

ब्रॉनस्टीनचा जन्म १९ फेब्रुवारी १९२४ रोजी युक्रेनमधील, कीव्हजवळच्या बिला त्सेर्क्वा या गावी झाला. १९४८ साली स्वीडनमधील साल्टशोबादेन येथील इंटरझोनल स्पर्धा त्याने जिंकली, १९५० साली बुडापेस्टच्या कँडिडेट्स स्पर्धेत इसाक बोलेस्लाव्स्कीच्या बरोबरीने तो पहिला आला आणि निर्णायक लढतीत त्याला हरवून जगज्जेतेपदाच्या सामन्याला पात्र ठरला. १९५१ साली मॉस्कोत मिखाईल बोट्विनिकशी झालेल्या त्या सामन्यात चोविसांपैकी बावीस डाव झाले तेव्हा ब्रॉनस्टीन एका गुणाने पुढे होता. मात्र तेविसावा डाव तो हरला, चोविसावा बरोबरीत सुटला, सामना १२–१२ असा संपला आणि बरोबरी झाल्यास किताब जगज्जेत्याकडेच राहील या नियमामुळे बोट्विनिकचे जगज्जेतेपद कायम राहिले. जगज्जेतेपदाच्या इतक्या जवळ जाऊन ते न मिळालेला खेळाडू म्हणूनच ब्रॉनस्टीनचे नाव पुष्कळदा घेतले जाते, पण ही ओळख त्याच्यावर अन्याय करणारी आहे, कारण त्याचे बुद्धिबळाला असलेले देणे किताबाच्या मोजपट्टीत बसत नाही. किंग्ज इंडियन बचाव हा पूर्वी दुय्यम समजला जाणारा प्रारंभ त्याने आणि बोलेस्लाव्स्कीने नव्याने उभा केला, तर १९५३ च्या झुरिक कँडिडेट्स स्पर्धेवरील त्याचे पुस्तक आजही जगभरातील प्रशिक्षक आपल्या विद्यार्थ्यांच्या हाती देतात.

बलिदान त्याच्या खेळात आरंभापासून होते. १९४६ साली प्राग आणि मॉस्को या शहरांच्या सामन्यात झिटाविरुद्ध खेळताना त्याने पटाच्या कोपऱ्यातील ए१ या घरावर हत्तीचे बलिदान देऊन जो हल्ला चढवला, तो किंग्ज इंडियन बचावाच्या प्रत्येक अभ्यासकाला ठाऊक आहे. त्या वेळी तो स्वतः २२ वर्षांचा होता, म्हणजे पेट्रोपोलिसला त्याच्यासमोर बसलेल्या ल्युबोयेविचच्याच वयाचा.

वयाचा प्रश्न बुद्धिबळात नाजूक आहे. शक्यतांच्या लांबलचक साखळ्या मनात धरून त्या वेगाने तपासण्याची क्षमता आणि पाच-पाच तास एकाग्र राहण्याचे बळ तरुणाकडे अधिक असते, हे स्पर्धांच्या निकालांवरून सहज दिसते. पण मोहऱ्यांच्या मांडणीकडे पाहून ती कोणाला अनुकूल आहे हे ओळखण्याची जाण मात्र अनुभवाने वाढत जाते आणि ती बराच काळ टिकते. इमॅन्युएल लास्कर १९३५ साली मॉस्कोच्या स्पर्धेत वयाच्या ६६ व्या वर्षी तिसरा आला, वासिली स्मिस्लोव्ह साठी ओलांडल्यानंतर १९८४ च्या कँडिडेट्स अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, आणि व्हिक्टर कोर्चनॉयने २०११ साली जिब्राल्टरमध्ये ७९ व्या वर्षी अठरा वर्षांच्या फाबियानो कारुआनाला हरवले. या तिघांच्या उतारवयातील यशात एंडगेमच्या प्रभुत्वाचा वाटा मोठा होता, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण एंडगेमचे ज्ञान साठत जाते. ब्रॉनस्टीनचे वेगळेपण असे, की पन्नाशीच्या उंबरठ्यावरही त्याने सुरक्षित मार्ग धरला नाही. ज्या ठिकाणी संपूर्ण हिशेब करणे कोणत्याही माणसाला शक्य नव्हते, तिथे त्याने आपल्या जाणिवेवर विश्वास टाकला.

पेट्रोपोलिस हे रिओ द जानेरोजवळचे डोंगरातील शहर. ब्राझीलचा सम्राट दुसरा पेद्रू उन्हाळ्यात तिथे राहत असे. १९७३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये तिथे झालेली इंटरझोनल स्पर्धा जगज्जेतेपदाच्या साखळीतील एक कडी होती. त्या काळी वेगवेगळ्या भूभागांतून निवडून आलेले खेळाडू इंटरझोनलमध्ये एकमेकांशी भिडत, त्यांतील आघाडीचे काही जण कँडिडेट्स सामन्यांना पात्र ठरत, आणि तिथे जिंकणारा जगज्जेत्याला आव्हान देई. बॉबी फिशर १९७२ साली जगज्जेता झाला होता व त्याचा आव्हानवीर ठरवण्यासाठी १९७३ साली लेनिनग्राड आणि पेट्रोपोलिस अशा दोन इंटरझोनल स्पर्धा घेण्यात आल्या. पेट्रोपोलिसला अठरा खेळाडू सतरा फेऱ्या खेळणार होते आणि जागा होत्या फक्त तीन. अशा स्पर्धेत एकेका अर्ध्या गुणाला किंमत असते व बहुतेक जण जोखीम टाळतात.

ल्युबोयेविच मात्र जोखीम टाळणाऱ्यांपैकी नव्हता. युगोस्लाव्हियाचा हा तरुण ग्रँडमास्टर त्या पिढीतील अत्यंत गुणी खेळाडूंपैकी एक होता. पुढे १९८३ साली तो जागतिक क्रमवारीत तिसऱ्या स्थानापर्यंत गेला. काळ्या मोहऱ्यांनी खेळताना त्याने ब्रॉनस्टीनच्या राजासमोरील प्याद्याच्या चालीला अलेखाइन बचावाने उत्तर दिले. अलेक्झांडर अलेखाइनने १९२१ साली बुडापेस्टला वापरून प्रतिष्ठित केलेल्या या बचावात काळा पहिल्याच चालीला घोडा पुढे आणतो आणि पांढऱ्याच्या प्याद्यांना तो घोडा हाकलत पुढे येण्याचे जणू आमंत्रण देतो. प्यादी पुढे आली की त्यांच्यामागे मोकळी जागा राहते आणि त्या लांबलेल्या प्याद्यांवर नंतर हल्ला चढवता येतो, असा त्यामागील विचार असतो. ब्रॉनस्टीनने हे आमंत्रण पूर्णपणे स्वीकारले आणि सी, डी, ई व एफ या चारही स्तंभांतील प्यादी पुढे लोटली. बचावाविरुद्धचा हा सर्वांत आक्रमक उपाय चार प्याद्यांचा हल्ला या नावाने ओळखला जातो.

पुढील चर्चेसाठी पटावरील घरांची नावे ध्यानात घ्यावी लागतील. पांढऱ्याच्या बाजूने पाहिल्यास डावीकडून उजवीकडे ए ते एच असे आठ उभे स्तंभ असतात आणि खालून वर १ ते ८ अशा आठ आडव्या ओळी असतात. त्यामुळे जी१ म्हणजे पांढऱ्याच्या अगदी खालच्या ओळीतील उजवीकडून दुसरे घर. मोहऱ्यांची किंमत ढोबळमानाने प्याद्याच्या हिशेबात सांगितली जाते: घोडा किंवा उंट तीन प्याद्यांइतका, हत्ती पाच, वजीर नऊ. राजाला किंमत नसते, कारण तो गेला की डावच गेला.

प्रारंभाच्या चालींवर फार रेंगाळण्याचे कारण नाही. मध्यभागी अदलाबदल झाल्यावर पांढऱ्याकडे डी५ आणि ई५ या घरांवर शेजारी शेजारी उभी दोन प्यादी उरली, काळ्याने आपला एक उंट देऊन पांढऱ्याचा एक घोडा घेतला, आणि किल्लेकोट करून, म्हणजे राजा व हत्ती यांची एकाच चालीत होणारी विशेष हालचाल करून, आपला राजा उजव्या बाजूला सुरक्षित नेला. पांढऱ्याचा राजा मात्र अजून मूळ घरात, ई१वर होता. चौदाव्या चालीला ब्रॉनस्टीनने आपला राजाकडील हत्ती जी१वर आणला. जी स्तंभात पांढऱ्याचे प्यादे उरले नसल्याने या हत्तीची नजर थेट काळ्या राजाच्या पुढ्यातील जी७ घरावर पडत होती, आणि तो धोका बंद करण्यासाठी ल्युबोयेविचने जी प्यादे एक घर पुढे, जी६वर ढकलले. ही साधी वाटणारी देवघेव पुढील सगळ्या घडामोडींची किल्ली आहे. प्यादे एकदा पुढे गेले की मागे येत नाही. जी७वर असताना ते एफ६ आणि एच६ या घरांवर पहारा देत होते, आणि तो पहारा आता उठला. ती दोन्ही घरे काळ्या रंगाची आहेत. पुढच्याच चालीला पांढऱ्याचा काळ्या घरांवरून चालणारा उंट जी५वर येऊन बसला.

पंधराव्या चालीला ल्युबोयेविचने वजीर सी७वर आणून सी४वरच्या उंटावर दुहेरी मारा केला, ब्रॉनस्टीनने तो उंट बी३वर मागे घेतला आणि सोळाव्या चालीला काळ्याचा उंट सी५वर आला. या एका चालीने पांढऱ्याच्या डी४वरील वजिरावर हल्ला झाला आणि त्याच कर्णावर, वजिराच्या मागे, जी१वरचा हत्तीही सापडला. वजीर हलला की हत्ती मरणार हे उघड होते. असा दुहेरी पेच नजरचुकीने ओढवला तर डाव तिथेच संपतो. पण हा धोका पटावर स्पष्ट दिसत होता आणि ब्रॉनस्टीनसारख्या खेळाडूच्या नजरेतून तो सुटणे शक्य नव्हते. त्याने वजीर शांतपणे एफ४वर नेला व हत्ती मारू दिला.

ऑस्ट्रियाचा हल्लेखोर ग्रँडमास्टर रुडॉल्फ स्पीलमन याने १९३५ साली बलिदानावर लिहिलेल्या पुस्तकात बलिदानांचे दोन मुख्य प्रकार सांगितले आहेत. पहिला प्रकार आभासी बलिदानाचा: त्यात मोहरा दिला, तरी पुढच्या काही चालींत तो व्याजासह परत मिळणार किंवा मात होणार हे हिशेबाने आधीच सिद्ध करता येते, त्यामुळे जोखीम नसते. दुसरा प्रकार खऱ्या बलिदानाचा: त्यात परतावा निश्चित नसतो, मोहऱ्याच्या बदल्यात मिळतात त्या केवळ शक्यता, उदाहरणार्थ मोहऱ्यांची चपळ हालचाल, मोकळे स्तंभ आणि प्रतिस्पर्ध्याच्या राजाची असुरक्षितता, आणि त्या पुरेशा आहेत की नाहीत हे खेळाडूला स्वतःच्या जबाबदारीवर ठरवावे लागते. सतराव्या चालीचे ब्रॉनस्टीनचे बलिदान निःसंशय दुसऱ्या प्रकारचे आहे. हत्तीच्या बदल्यात त्याला नेमके काय मिळाले, हे पाहण्यासारखे आहे. काळ्या घरांवरून चालणारा काळ्याचा एकमेव उंट हत्ती मारण्यासाठी पटाच्या दूरच्या कोपऱ्यात गेला, तर दुसरीकडे त्याचा ए८वरचा हत्ती आणि बी८वरचा घोडा अजून जागचे हललेलेही नव्हते. म्हणजे ज्या भागात लढाई होणार होती तिथे पांढऱ्याचे बळ अधिक होते, मग एकूण मोजणी काहीही असो. शिवाय मारल्या गेलेल्या हत्तीने मरण्यापूर्वीच जी६ची दुबळी चाल घडवून आपले काम केलेले होते.

अठराव्या चालीला ब्रॉनस्टीनने डी५चे प्यादे डी६वर सरकवले. या चालीने काळ्या वजिराला हटवले आणि त्याचबरोबर बी३वरच्या उंटासाठी काळ्या राजाच्या दिशेने जाणारा पांढऱ्या घरांचा कर्ण मोकळा केला. मात्र तिचा खोल परिणाम पुढे वीस चालींनी दिसायचा होता. डी६वर पोहोचलेले हे प्यादे वाटचाली प्यादे होते: त्याच्या समोर किंवा शेजारच्या स्तंभांत त्याला अडवू शकेल असे काळ्याचे एकही प्यादे उरले नव्हते. वजीर होण्यापासून ते फक्त दोन घरे दूर होते. हल्ल्याच्या गदारोळात अशा प्याद्याकडे कोणी पाहत नाही, पण मोहरे कमी होत जातात तसतसे त्याचे मोल वाढत जाते. ल्युबोयेविचला वजीर सी५वर नेऊन मध्यभागी झुंज देण्याची वाट होती. त्याने मात्र तो सी८वर मागे घेतला. हत्तीने पुढे असलेल्या खेळाडूने वजिरांची अदलाबदल घडवण्याचा प्रयत्न करावा, हे बचावाचे जुने सूत्र येथे दुर्लक्षिले गेले असे म्हणावे लागते.

एकोणिसाव्या चालीला पांढरा राजा ई२वर आला. मूळ घर सोडल्याने किल्लेकोटाचा हक्क संपला, पण खालची ओळ मोकळी झाली आणि ए१वरच्या उरलेल्या हत्तीचा मारा थेट जी१वरच्या उंटावर पोहोचला. उंट सी५वर परतला. पांढऱ्याचा घोडा ई४वर आला, तिथून एफ६वर शह देण्याची धमकी निर्माण झाली. काळ्याने बी८वरचा घोडा डी७वर आणून एफ६चे रक्षण केले. मग एकविसाव्या चालीला पांढरा हत्ती सी१वर आला आणि काळ्याने वजीर सी६वर आणला.

बाविसाव्या चालीला ब्रॉनस्टीनने उरलेल्या हत्तीने सी५चा उंट मारला. वजिराने हत्ती मारला असता तर ई४च्या घोड्याने वजीर मारला असता, म्हणून डी७च्या घोड्यानेच तो मारणे भाग होते. पण हाच घोडा एफ६वर पहारा देत होता, आणि पहारेकऱ्याला असे जागेवरून खेचून नेणे हाच त्या बलिदानाचा हेतू होता. त्याच वेळी काळ्या घरांचे रक्षण करू शकणारा काळ्याचा एकमेव उंटही पटावरून गेला. आता पांढऱ्याकडे एकही हत्ती नव्हता. वजीर सोडल्यास त्याच्याकडे दोन उंट व एक घोडा होता, तर काळ्याकडे दोन हत्ती व दोन घोडे, म्हणजे नऊ विरुद्ध सोळा. पांढऱ्याची प्यादी सहा आणि काळ्याची पाच होती. पांढरा घोडा एफ६वर शह देत उतरला, काळा राजा एच८च्या कोपऱ्यात सरकला, आणि चोविसाव्या चालीला वजीर एच४वर येताच पुढच्या चालीला एच७वर मात करण्याची धमकी उभी राहिली.

ल्युबोयेविचने येथून जो प्रतिकार केला तो उच्च दर्जाचा होता. प्रथम त्याने वजीर बी५वर नेऊन शह दिला. पांढरा राजा मागे ई१ किंवा एफ२वर गेला असता तर सी५चा घोडा डी३वर येऊन पुन्हा शह देत होता. म्हणून ब्रॉनस्टीनने राजा मागे न नेता पुढे, ई३वर नेला. काळ्याने एच प्यादे दोन घरे पुढे करून मात टाळली, पांढऱ्या घोड्याने ते प्यादे मारले, आणि आता घोडा किंवा उंट एफ६वर आल्यास डाव लगेच संपत होता. जी प्याद्याने घोडा मारण्याने काहीच साधत नव्हते, कारण पांढरा वजीर शह देत एच५वर येत होता. तेव्हा ल्युबोयेविचने बी३चा उंट वजिरानेच, शह देत मारला. वजीर गमावूनही हल्ल्यातील एक महत्त्वाचा मोहरा कमी करायचा आणि पुढच्या शहांच्या मालिकेत काही परत मिळवायचे, अशी ही योजना होती. ए प्याद्याने वजीर मारल्यावर काळ्याचा एक घोडा डी५वर शह देत आला, पांढरा राजा डी४वर चढला. दुसरा घोडा ई६वर आला आणि त्याने एकाच वेळी राजाला शह व जी५च्या उंटावर मारा असा दुहेरी वार केला. राजाने पुन्हा पुढे जाऊन डी५चा घोडा मारला, काळ्याने जी५चा उंट मारला, पांढऱ्या घोड्याने एफ६वर जाताना मागच्या वजिराचा शह उघडला, काळा राजा जी७वर आला आणि एकतिसाव्या चालीला पांढऱ्या वजिराने जी५चा घोडा मारला.

या जागी थांबून पट नीट पाहिला, तर पांढरा राजा डी५वर, म्हणजे पटाच्या अगदी मध्यभागी उभा असलेला दिसतो. पाच चालींत तो ई२वरून तिथवर आला, आणि प्रत्येक वेळी शहाला उत्तर म्हणून तो मागे न जाता पुढेच सरकला. बुद्धिबळातील प्राथमिक शिकवण अशी, की वजीर पटावर असताना राजाला कोपऱ्यात, प्याद्यांच्या आडोशाला ठेवावे, आणि मोठे मोहरे निघून गेल्यावर, एंडगेममध्ये मात्र त्याला बाहेर काढून लढाऊ मोहऱ्यासारखे वापरावे, कारण तेव्हा त्याला धोका कमी आणि काम जास्त असते. या डावात ही दोन्ही सूत्रे एकमेकांत मिसळली. शहांच्या भडिमारात पुढे आलेला राजा, काळ्याचा वजीर जाताच, आयताच एंडगेममधील आदर्श जागी पोहोचला होता. म्हणजे हल्ल्याच्या काळातील त्याची धोकादायक वाटचाल हीच नंतरच्या टप्प्यातील बचत ठरली. इतर डावांत ज्या प्रवासाला दहा-बारा चाली खर्चाव्या लागतात, तो येथे प्रतिस्पर्ध्याच्या शहांनीच घडवून आणला.

मोजणी आता अशी होती: पांढऱ्याकडे वजीर, घोडा आणि सहा प्यादी, काळ्याकडे दोन हत्ती आणि चार प्यादी. कागदावर हा फरक पांढऱ्याला अनुकूल असला तरी विजय आपोआप मिळणारा नव्हता. दोन हत्ती एकमेकांच्या आधाराने खेळू लागले तर ते वजिराला भारी पडू शकतात, आणि उघड्यावरच्या राजाला ते एकामागून एक शह देऊ शकतात. तंत्राची कसोटी इथूनच सुरू झाली. ल्युबोयेविचने एफ८चा हत्ती डी८वर आणून डी६च्या प्याद्यावर दबाव आणला. संथ खेळणाऱ्याने त्या प्याद्याला आधार दिला असता. ब्रॉनस्टीनने ई५चे प्यादे ई६वर ढकलून देऊन टाकले. काळ्याने ते शह देत मारले, पांढऱ्या राजाने परत मारले, आणि आता राजा ई६वर, डी प्याद्याच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला. एक प्यादे गेले, पण राजाला सहाव्या ओळीत जागा मिळाली आणि काळ्या राजाभोवतीचे शेवटचे कवचही गळून पडले. एंडगेममध्ये प्याद्यांची संख्या टिकवण्यापेक्षा मोहऱ्यांची चपळता राखणे महत्त्वाचे, हे तत्त्व पुष्कळांना पाठ असते. वजीर होण्याच्या वाटेवर असलेल्या प्याद्याच्या शेजारचेच प्यादे देऊन ते अमलात आणणे किती अवघड असते, ते असा पट स्वतः मांडून पाहिल्यावर समजते.

चौतिसाव्या चालीला डी प्यादे सातव्या ओळीत, डी७वर पोहोचले. काळ्याने ए प्यादे दोन घरे पुढे सरकवून ए८च्या हत्तीसाठी ए६ची वाट मोकळी केली, म्हणजे तिथून सहाव्या ओळीवरून राजाला शह देता यावा. ब्रॉनस्टीनने घोडा एफ६वरून जी४वर घेतला. ही मागे येणारी चाल वरवर पाहता हल्ला सैल करणारी दिसते, पण तिने जी५वरून एफ६मार्गे ई७कडे जाणारा वजिराचा कर्ण उघडला आणि काळ्या राजाभोवती नव्या शहांची धमकी निर्माण केली. हत्ती ए६वर शह देत आला. राजा ई५वर उतरला, आणि तिथे काळ्याचेच ए५वरचे प्यादे त्याच्या हत्तीला पाचव्या ओळीवरून शह देण्यापासून अडवत होते. छत्तिसाव्या चालीला ल्युबोयेविचने शेवटचा चतुर डाव टाकला: दरम्यान डी८वरून एफ८वर परतलेला हत्ती एफ५वर आणून त्याने राजाला शह दिला आणि त्याच चालीत जी५च्या वजिरावरही मारा केला. या हत्तीला जी६च्या प्याद्याचे रक्षण असल्याने राजाला तो मारता येत नव्हता, आणि राजा हलला तर वजीर जात होता.

ब्रॉनस्टीनने वजिरानेच तो हत्ती मारला. काळ्याने प्याद्याने वजीर मारला, आणि अडतिसाव्या चालीला डी प्यादे आठव्या ओळीत पोहोचून नवा वजीर झाले. नियमानुसार प्यादे शेवटच्या ओळीत गेले की त्याच्या जागी वजीर, हत्ती, उंट किंवा घोडा यांपैकी कोणताही मोहरा घेता येतो, आणि जवळजवळ नेहमीच वजीर घेतला जातो. स्पीलमनच्या भाषेत हे आभासी बलिदान होते: दिलेला वजीर लगेच परत मिळाला आणि मधल्या व्यवहारात काळ्याचा एक हत्ती कमी झाला. काळ्याने जी४चा घोडा मारून आपला तोटा थोडा भरून काढला. नव्या वजिराने डी७वरून शह दिला, काळा राजा एच६वर गेला, आणि वजिराने बी७चे प्यादे मारताना ए६च्या हत्तीवरही हल्ला केला. हत्ती जी६वर पळाला.

एक्केचाळिसावी चाल पाहण्याजोगी आहे, कारण विजय हातात असतानाही खेळाडू किती काळजीपूर्वक विचार करत होता, हे तीत दिसते. पांढऱ्याच्या एफ३वरच्या प्याद्याला जी४चे काळे प्यादे मारता आले असते, आणि ती चालही वाईट नव्हती. ब्रॉनस्टीनने ते प्यादे एफ४वर पुढे केले. तिथून ते जी५ या घरावर नजर ठेवते, त्यामुळे एच६चा काळा राजा व जी६चा हत्ती या दोघांनाही ते घर बंद झाले. पुढच्या चालीला एफ५वर जाऊन हत्तीला हाकलण्याची धमकी उभी राहिली. आणि एफ३ रिकामे झाल्याने बी७पासून एच१पर्यंतचा लांब कर्ण वजिराला मोकळा मिळाला, जिथून एच स्तंभावर शह देता येणार होता. हे प्यादे एकच घर पुढे आले असल्यामुळे काळ्याच्या जी प्याद्याला ते वाटेत मारण्याचा विशेष हक्कही नव्हता. पांढऱ्याकडे वजीर व चार प्यादी, काळ्याकडे एक हत्ती व दोन प्यादी, आणि ई५वरचा पांढरा राजा काळ्या राजाच्या किंवा हत्तीच्या प्रत्येक वाटेच्या जवळ. ल्युबोयेविचने याच स्थितीत डाव सोडला.

पेट्रोपोलिसची स्पर्धा ब्राझीलच्या एनरिके मेकिंगने जिंकली, त्याच्यामागे गेलर, पोलुगायेव्स्की आणि पोर्टिश हे तिघे बरोबरीत राहिले आणि त्यांच्यातील उरलेल्या दोन जागांचा निकाल पुढे वेगळ्या लढतीत पोलुगायेव्स्की व पोर्टिश यांच्या बाजूने लागला. ब्रॉनस्टीन सहावा आला आणि कँडिडेट्स सामन्यांपासून दूर राहिला. ती त्याची शेवटची इंटरझोनल स्पर्धा होती. त्यानंतरही तो अनेक वर्षे खेळत, लिहीत आणि शिकवत राहिला, आणि ५ डिसेंबर २००६ रोजी मिन्स्क येथे त्याचे निधन झाले.